जातो म्हणू नये

जूनमधली रात्र, पावणेतीनची वेळ. हॉस्पिटलची बॅग पंधरा दिवसांपासून दाराशी भरून ठेवलेली, तरी ऐनवेळी फोनचा चार्जर सापडेना. शेवटी तो फ्रिजवर निघाला. गाडी मागे घेता घेता जावयांनी काच खाली केली आणि म्हणाले, "आई, जातो आम्ही. तुम्ही झोपा आता." लेक शेजारी डोळे मिटून, दारावरचं हँडल घट्ट धरून बसलेली. आणि मी, गाऊनवर शाल गुंडाळून, अनवाणी, त्या झोपलेल्या गल्लीत ओरडले, "येतो म्हण!" समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. एरवी मी जावयांना अहो-जाहो करते. ते गडबडले, "हो हो, येतो, येतो," म्हणाले आणि गाडी वळली. लेक म्हणे त्या कळांतही हसली.

सगळं नीट झालं. सकाळी दहाच्या आत नातू झाला. लालभडक, सुरकुतलेला, मुठी आवळलेला फोटो फोनवर आला. मी देवापुढे साखर ठेवली (देव म्हणजे मायक्रोवेव्हवरच्या कपाटातला एक कप्पा, निरांजन लावलं की धुराची घंटा केकाटते, म्हणून तेही नाही). पण ते ओरडणं मनातून जाईना. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. 'अंधश्रद्धा : एक शाप' हा निबंध दरवर्षी लिहून घेतला, त्यावर लाल पेनने शेरे मारले. आणि वेळ आली तेव्हा तोंडातून आजीच बोलली. आमच्या खामगावच्या घरात 'जातो' हा शब्दच नव्हता. शेताला जाणारा गडीसुद्धा "येतो बाप्पा" म्हणून निघायचा. दुकान बंद करायचं नाही, वाढवायचं. बांगडी फुटली तरी फुटली म्हणायचं नाही, वाढली. पाहुण्याला दारातून वाटेला लावायचं तेव्हा म्हणायचं, "या." शब्दाला घाबरून आपण त्याच्या पाठीमागून जाणारी एक वेगळी पायवाटच पाडून ठेवली आहे.

सहा वर्षांपूर्वी नोव्हेंबरात हे हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले, तेव्हा दारातून "येतो गं" असंच म्हणाले होते.

लेकीचं घर व्हर्जिनियात, मनॅसस या गावापासून वीसेक मिनिटांवर. बाळ महिन्याचं झालं आणि जुलैतल्या एका रविवारी जावई म्हणाले, चला, तुम्हाला इथलं पानिपत दाखवतो. बाळंतीण आणि बाळ घरी, आम्ही दोघंच. मला वाटलं होतं, तटबंदी वगैरे असेल. तिथे नुसतं गवत. कमरेएवढं, वाऱ्यावर लवणारं, मधून कापलेल्या पायवाटा, लाकडाच्या ओंडक्यांची नागमोडी कुंपणं आणि टेकडीवर ओळीने उभ्या तोफा. त्यांतल्या एकीवर एक छोटी मुलगी आईस्क्रीम खात टेकली होती. ऊन आपल्यासारखंच, पण घामट. झाडांतून किड्यांचा असा किर्रर्र आवाज की कान बंद केले तरी आतून ऐकू यावा. ज्या बुल रन नावाने लढाई ओळखली जाते तो ओढा तर मी पाहिलाच नाही, कुणीतरी पलीकडे बोट दाखवलं एवढंच. अमेरिकेच्या यादवी युद्धातली, उत्तर विरुद्ध दक्षिण अशी ही पहिली मोठी लढाई. २१ जुलै १८६१, तोही रविवारच होता. लढाई म्हणजे काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं, इतकं की वॉशिंग्टनची मोठी माणसं बग्ग्या जोडून, जेवणाच्या टोपल्या घेऊन मजा बघायला आली होती. संध्याकाळी पळत सुटलेले उत्तरेचे सैनिक आणि त्या बग्ग्या एकाच रस्त्यावर अडकल्या.

मॅथ्यूज हिल नावाच्या टेकाडावर एका झाडाच्या सावलीत बसलो आणि जावयांनी फोनवर एक पत्र काढून मोठ्याने वाचलं. सलिव्हन बालू नावाचा माणूस. ऱ्होड आयलंड राज्यातला वकील, तिथल्या विधानसभेचा सभापती राहिलेला, वय ३२. लिंकनने स्वयंसेवक मागवले तेव्हा हा आपणहून गेला, दुसऱ्या ऱ्होड आयलंड पलटणीत मेजर झाला. वॉशिंग्टनच्या छावणीतून १४ जुलैच्या रात्री बायकोला, सेराला, हे पत्र लिहिलं. आणि बरोबर सातव्या दिवशी, आम्ही बसलो होतो त्याच टेकाडाच्या आसपास, तोफेच्या गोळ्याने त्याचा घोडा मारला आणि याचा पाय उडवला. जवळच्या सडली चर्चमध्ये पाय कापला. पलटण माघारी पळाली ती जखमींना मागे ठेवून. आठवड्याभराने तो शत्रूच्या, म्हणजे दक्षिणेच्या, ताब्यातच गेला.

गेला. बघा, इथेही हाच शब्द आला.

हे पत्र इकडे बहुतेकांना माहीत आहे. १९९०मध्ये टीव्हीवरच्या एका माहितीपटात ते वाचलं गेलं तेव्हापासून. पण तिथे वाचतात ते कापलेलं. मी पूर्ण वाचलं, चष्मा लावून, अक्षर मोठं करून, नातवाला दुपारी मांडीवर निजवल्यावर. सुरुवात साधीच आहे. एक-दोन दिवसांत आम्ही हलू असं दिसतंय, कदाचित उद्याच. पुन्हा लिहायला जमलं नाही तर म्हणून या ओळी, मी नसेन तेव्हा तुझ्या नजरेस पडाव्यात. मग तो लिहितो की माझ्याभोवती दोन हजार माणसं झोपली आहेत, त्यांतल्या कित्येकांची ही मरणाआधीची शेवटची झोप असेल, आणि मृत्यू माझ्याही मागून दबक्या पावलांनी येतोय अशी मला शंका आहे. उन्हाळ्यातली शांत रात्र, दोन हजार माणसांचे श्वास, आणि एकटा जागा असलेला वकील. पत्रात तो तिला पुन्हा पुन्हा नावाने हाक मारतो. सेरा, सेरा. दर थोड्या ओळींनी, जणू ती शेजारच्या खोलीत आहे आणि ऐकत नाहीये. ह्यांनी मला अडतीस वर्षांत नावाने हाक मारली नाही. "अगं", "ऐकलंस का", फारच झालं तर लेकीच्या नावाने. मीही कुठे मारली म्हणा. आत्ता लिहिताना तरी कुठे लिहितेय.

आमच्याकडे असं पत्र घरात ठेवलंच नसतं. माझ्या लहानपणी पोस्टमनने कोपरा फाटलेलं कार्ड आणलं की आई ते ओसरीवरच वाचायची, उंबऱ्याच्या आत आणायची नाही, आणि वाचून झालं की तिथेच बारीक तुकडे. मग अंघोळ. बाकी सगळी पत्रं तारेच्या आकड्याला वर्षानुवर्षं टोचलेली असायची आणि त्या सगळ्यांत एकच मजकूर : तीर्थरूप अमुक यांस साष्टांग नमस्कार विनंती विशेष, इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवीत जावे. घरात दुखणं असो, वाटण्यांवरून भांडणं असोत, दुष्काळ असो, पहिल्या ओळीत क्षेम. नंतर हळूच तिसऱ्या ओळीत, बैल गेला. मला वाटतं 'येतो' आणि 'सर्व क्षेम' ही सख्खी भावंडं आहेत. आणि हा माणूस पहिल्याच ओळीला ती दोन्ही बाजूला सारून सांगतो की मी बहुधा जातो.

मास्तरीण ती मास्तरीणच. मी ते पत्र मराठीत करायला घेतलं. नातवाच्या दुधाच्या आणि लंगोटांच्या नोंदींची एक वही होती, तिच्या शेवटच्या पानापासून उलटं लिहू लागले. पुष्कळसं सरळ आलं. 'पोरकेपणाचं कडू फळ मी स्वतः वर्षानुवर्षं खाल्लं आहे, आता तेच माझ्या लेकरांच्या पुढ्यात वाढू?' हे तर मूळ मराठीतच असावं असं आलं. त्याचा बाप तो लहान असताना वारला होता. 'माझ्या हातून झालेल्या चुका आणि तुला दिलेला त्रास पोटात घाल, मी किती वेळा मूर्खासारखा वागलो' हेही. दोन्ही आयांना, स्वतःच्या आणि सासूला, आशीर्वाद सांगायलाही तो विसरलेला नाही. धाकटा विली इतका लहान की त्याला मी फार दिवस आठवणार नाही, असं लिहितो. आणि निळ्या डोळ्यांच्या एडगरला माझी मस्ती कुठेतरी अंधुक आठवेल. इथे मी जरा थांबले. नातू झोपेत ओठ हलवत होता. पुढे ते सगळ्यांना आवडणारं वाक्य येतं, तुझ्या गालावर झुळूक आली तर तो माझा श्वास समज. ते मला फारसं नाही भिडलं. झुळूक कुणाचीही असते.

अडले ते त्याच्या पुढच्या ओळीला. त्याचं म्हणणं असं की मी मेलो म्हणून शोक करू नकोस, मी गेलोय आणि तुझी वाट बघतोय असं समज. इंग्रजीत मरणं वेगळं, जाणं वेगळं. मरणाच्या जागी तो जाणं ठेवतो आणि तिचं दुःख थोडं हलकं करतो. मराठीत हे करायचं कसं? आपल्याकडे 'गेला' म्हणजेच मेला. 'मेलो नाही, गेलोय' असं लिहिलं तर वाचणारा म्हणेल, मग फरक काय पडला? तीन-चार दिवस ती ओळ कोरी राहिली. 'परगावी गेलोय' लिहून खोडलं. 'निघालोय' लिहिलं, तेही बरं वाटेना. मग एके दिवशी भांडी डिशवॉशरमध्ये लावताना सुचलं, 'पुढे गेलोय'. हे नेहमी पुढेच चालायचे. भाजी मंडईत असो, लग्नात असो, माझ्या चार पावलं पुढे, पाठीमागे हात बांधून, आणि मग कोपऱ्यावर थांबून मागे बघत, चेहऱ्यावर 'किती वेळ लावतेस'. अडतीस वर्षं मी त्या पाठीवर चिडत आले. वहीत लिहिलं, पेन्सिलीने. 'मेलो म्हणून रडू नकोस. मी पुढे गेलोय आणि थांबलोय असं समज.'

लिहिलं खरं, पण मग राग आला. ह्यांचा नव्हे, त्या मेजरसाहेबांचा. वकिली चांगली चाललेली, दोन लहान पोरं, घरात चोवीस वर्षांची बायको. सक्ती नव्हती, बोलावणं नावाने आलेलं नव्हतं. तो लिहितो की तुझं प्रेम मला जाडजूड दोरखंडांसारखं बांधून ठेवतं, पण देशाचं प्रेम वादळासारखं येतं आणि दोरखंडांसकट मला उचलून नेतं. आधीच्या पिढ्यांनी स्वातंत्र्यासाठी रक्त सांडलं, त्यांचं ऋण फेडायचं आहे. ऋण म्हटलं की आपणही मान डोलावतो, आपल्याला तो शब्द फार जवळचा. पण फेडलं कुणी? तो आठवड्यात मोकळा झाला. सेराने ५६ वर्षं हप्ते भरले. पियानो शिकवला, पुढे प्रॉव्हिडन्सच्या शाळाखात्यात सेक्रेटरीचं काम केलं, पोरं मोठी केली, पुन्हा लग्न केलं नाही, आणि १९१७ साली ८० वर्षांची होऊन न्यू जर्सीत वारली, जिथे आज आपली एवढी मराठी मंडळी राहतात. तिने त्या पत्राला मनातल्या मनात काय उत्तर दिलं असेल? रडू नकोस हे सांगायला सोपं असतं, सांगणारा तिथे नसतो ना. असो. मी जरा जास्तच तिची बाजू घेतेय.

आणखी एक खटकलं. अख्ख्या पत्रात गुलामगिरी हा शब्द नाही. सरकार आहे, संस्कृती आहे, ईश्वर आहे, पण ज्यांच्यावरून हे सगळं पेटलं ती काळी माणसं कुठेच नाहीत. गुलामांच्या मुक्तीचा लिंकनचा जाहीरनामा १८६३चा, म्हणजे हा गेल्यानंतर दीड वर्षाने. तरी इकडे पुण्यात जोतीरावांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं ते अमेरिकेतल्या ज्या भल्या लोकांना अर्पण केलं, त्यांत हाही बसतो की काय? बसतो बहुधा. आपण कशासाठी मरतोय हे मरणाऱ्याला पूर्ण ठाऊक असतंच असं नाही. आणि त्या लढाईच्या वर्षांत मुंबईत काय चाललं होतं? अमेरिकेचा कापूस लढाईने अडला, विलायतेतल्या गिरण्या आपल्या कापसासाठी धावल्या आणि भाव आकाशाला भिडले. मुंबईने सट्टा खेळला, समुद्र बुजवायच्या कंपन्या काढल्या, प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला. १८६५मध्ये लढाई थांबली तेव्हा सगळा फुगा फुटला. वऱ्हाडच्या काळ्या मातीला 'पांढरं सोनं' पिकवणारी म्हणतात. आमच्या खामगावच्या बाजारातल्या गाड्यांच्या रांगा मी ऐकत वाढले. त्या रांगांच्या दुसऱ्या टोकाला हे गवताळ टेकाड होतं, हे मला साठी उलटल्यावर एका जावयाने दाखवलं.

जावयांनी गाडीत पुढची गोष्ट सांगितली ती मी लेकीला अजून सांगितलेली नाही. बाळंतिणीपुढे असलं बोलू नये. मार्च १८६२मध्ये त्या भागातून शत्रू हटला तेव्हा ऱ्होड आयलंडचे गव्हर्नर स्प्रेग आपल्या माणसांचे देह न्यायला स्वतः आले. बालूचं थडगं उकरलेलं होतं. शत्रूच्या सैनिकांनी दुसऱ्याच अधिकाऱ्याचा समजून त्याचा देह बाहेर काढला होता, शिर तोडलं, बाकी जाळलं. थोडी राख, थोडी हाडं सापडली, ती प्रॉव्हिडन्सच्या स्वान पॉइंट दफनभूमीत नेऊन पुरली. सेराही तिथेच, शेजारी. मूळ पत्र मात्र आज कुठेच नाही. आहेत त्या दुसऱ्यांच्या हातच्या नकला. म्हणतात, ते तिच्याबरोबरच पुरलं गेलं. आईने ओसरीवर फाडलेल्या कार्डांपेक्षा हे बरं.

पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीने. हे पत्र त्याने टाकलंच नव्हतं. लिहिलं, घडी केली आणि सामानात ठेवलं. तिच्या हाती पडलं ते तो गेल्यानंतर. आणि त्यानंतरच्या तारखांची, हलकीफुलकी, खुशालीची पत्रं त्याने तिला पोस्टाने धाडली, ती तिला वेळेवर मिळाली. म्हणजे तोही तिला तोंडावर 'येतो'च म्हणत होता. 'जातो' लिहून ट्रंकेत ठेवलेलं होतं.

ह्यांच्या कपाटात विमा कंपनीची एक जुनी डायरी होती. तेराव्यानंतर कागद शोधताना सापडली. त्यात एका पानावर वर 'माहितीसाठी' असं लिहून खाली त्यांच्या सरळ, बँकेतल्या अक्षरात : लॉकरची किल्ली देवघराच्या खालच्या खणात. मुदत ठेवींच्या तारखा. पॉलिसी नंबर. प्लंबरचा फोन. इन्व्हर्टरच्या बॅटरीत दर तीन महिन्यांनी पाणी, तेही साधं नाही, डिस्टिल्ड. गच्चीवरच्या टाकीचा वॉल्व्ह उलटा फिरतो, जोर लावू नये. पानावरची तारीख ते जाण्याच्या दोन वर्षं आधीची. मला तेव्हा इतका संताप आला होता की पान फाडणार होते. अडतीस वर्षांचा संसार आणि मला काय, तर वॉल्व्ह! त्या दोन वर्षांत डॉक्टर काय म्हणाले होते ते मला नंतर कळलं. त्या दोन वर्षांत ते रोज सकाळी फिरायला जाताना "येतो गं" म्हणायचे, आणि येतही होते, कोथिंबिरीची जुडी घेऊन. पान मी फाडलं नाही. वॉल्व्ह अजून उलटाच फिरतो. जोर लावत नाही.

सहा महिने संपले. ऑक्टोबरात झाडं लाल-पिवळी झाली तेव्हा माझं परतीचं तिकीट होतं. बॅग तेवीस किलोच्या वर भरली, विमानतळावर लोकांसमोर उघडून त्यातून डिंकाचे उरलेले लाडू काढावे लागले. दुधाच्या नोंदींची वही लेकीला हवी होती, म्हणून शेवटची पानं सोडवून मी पर्समध्ये घेतली. 'पुढे गेलोय'खाली पेन्सिलीची रेघ तशीच आहे, पेनने गिरवायचा धीर झाला नाही. नातवाने माझ्या मंगळसूत्राच्या जागी आता असलेली साधी साखळी मुठीत धरून ठेवली होती, ती एकेक बोट उलगडून सोडवावी लागली. लेक काहीच बोलेना. तपासणीच्या रांगेपाशी जावयांनी माझी पिशवी माझ्या खांद्याला अडकवली, दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, "या, आई."

पुण्यात वाढलेला मुलगा, त्याला 'या' येत असणारच. जूनपासून बिचारा लक्षात ठेवून होता की काय, देव जाणे. मी "येते" म्हटलं आणि बूट काढायच्या रांगेत शिरले. लाडवांचा डबा त्यांच्या हातात होता.